बडोद्याच्या जुन्या घरांचे लाकूडकाम: इन्स्टाग्रामवर एकाच विषयाचे खाते कसे सुरू करावे?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. लहरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी या चार दरवाजांच्या आतले जुने गाव, आणि त्याला लागून असलेल्या रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या वस्त्या, येथे लाकडी दर्शनी बाजू असलेली बरीच घरे अजून उभी आहेत. काही मराठी वाड्यांच्या धाटणीची आहेत, काही गुजराती पोळीतली (पोळ म्हणजे दाटीने घरे असलेली जुनी गल्ली) आहेत, आणि पुष्कळ घरांत दोन्ही धाटणी अशा मिसळल्या आहेत की वेगळ्या करता येणार नाहीत. मी अनेक वर्षांपासून फोनवर त्यांची छायाचित्रे काढत आले आहे: चौकटी, गणेशपट्ट्या (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्ट्या), कडी-कोयंडे, सज्जाखालचे कोरीव टेकू, सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब. आता या एकाच विषयाला वाहिलेले इन्स्टाग्राम खाते उघडावे असे मनात आहे.

घरच्यांचे म्हणणे असे की केवळ लाकूडकाम पाहायला कोणी येणार नाही, म्हणून सोबत लक्ष्मीविलास राजवाडा, सूरसागर, सेव-उसळ, नवरात्रातला गरबा असे सगळे बडोदे दाखवावे. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही सुचत नाही. विषय किती अरुंद ठेवावा, मजकूर कोणत्या भाषेत लिहावा, छायाचित्रे द्यावीत की रील, आणि लोकांच्या राहत्या घरांची छायाचित्रे अशी जाहीर करणे योग्य आहे का, या चार प्रश्नांवर अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. पैसे मिळवण्याचा हेतू सध्या नाही.

उंबरठा

ताई, घरच्यांना असे सांगा की सगळे बडोदे दाखवणारी खाती भरपूर आहेत, आणि त्यांच्याशी स्पर्धा करायची तर रोज गावभर फिरावे लागेल. सेव-उसळ पाहायला आलेला माणूस चौकट पाहायला थांबत नाही, आणि चौकटीसाठी आलेला माणूस सेव-उसळीचे तिसरे छायाचित्र पाहून निघून जातो. नवख्या माणसाने तुमचे खाते उघडल्यावर पहिल्या नऊ-बारा चौकोनांत त्याला विषय कळला पाहिजे. इन्स्टाग्रामही एखादी नोंद (पोस्ट) कोणापुढे ठेवायची हे बऱ्याच अंशी आधी कोणी कशावर थांबले, काय जतन केले, काय दुसऱ्याला पाठवले यावरून ठरवते. म्हणजे खात्याचा विषय जितका एकजिनसी, तितकी योग्य माणसाची गाठ पडण्याची शक्यता अधिक.

विषय अरुंद करण्याची माझी कसोटी मात्र लोकप्रियतेची नाही. घरापासून चालत जाऊन, सुटीची वाट न पाहता, वर्षभर पुरेल इतका ऐवज त्या विषयात आहे का, एवढेच मी पाहतो. तुमच्या बाबतीत तो आहे. उलट ‘गुजरातचे लाकूडकाम’ असा विषय घेतलात तर अहमदाबाद, पाटण, खंभात असा प्रवास आला आणि चौथ्या महिन्यात खाते थंड पडले. तेव्हा सीमा आखून घ्या: चार दरवाजे आणि त्यांना लागून असलेल्या तीन वस्त्या. त्यापलीकडचे काहीही, कितीही सुंदर असले तरी, या खात्यावर नाही. राजवाडासुद्धा नाही. तो 1890 साली पूर्ण झाला आणि त्याची छायाचित्रे जगभर आहेत. त्याला तुमची गरज नाही.

नावाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. इन्स्टाग्रामवर वापरकर्तानाव देवनागरीत घेता येत नाही. रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि अधोरेषा एवढेच चालते, आणि कमाल लांबी तीस अक्षरांची. त्याखालच्या ‘नाव’ या रकान्यात मात्र देवनागरी चालते, आणि शोधताना तो रकानाही पाहिला जातो. बहुतेक लोक तेथे स्वतःचे नाव लिहून मोकळे होतात. तुम्ही तेथे ‘बडोद्याची लाकडी घरे’ असे सरळ लिहा. परिचयाला दीडशे अक्षरे मिळतात. त्यांत सुविचार नको, खाते कशाचे आहे आणि कोणत्या वारी नवी नोंद येते एवढे पुरे.

भाषेचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा, कारण नंतर बदलल्यास जुने वाचक गोंधळतात. माझे मत असे की मजकूर मराठीत लिहावा आणि शेवटी दोन ओळी गुजरातीत द्याव्यात. ही घरे ज्यांची आहेत आणि ज्यांच्या शेजारी आहेत, त्यांतले निम्मेअधिक लोक गुजराती वाचणारे आहेत. आपल्या घराबद्दल काय लिहिले आहे ते त्यांना कळायला हवे.

तिरपा उजेड

भाषा आणि धोरण यांवर उंबरठा यांनी लिहिले आहेच; मी केवळ छायाचित्रणाबद्दल लिहितो, कारण लाकडी कोरीवकाम हा दिसायला सोपा आणि टिपायला अवघड विषय आहे.

कोरीवकाम दिसते ते त्याच्या सावलीमुळे. उजेड समोरून पडला तर उत्तम कोरलेला वेलही सपाट कागदावर काढल्यासारखा दिसतो. तोच उजेड बाजूने, तिरपा आला की प्रत्येक पान उठून येते. पोळीतली गल्ली उंच घरांमुळे दिवसातला बराच वेळ सावलीत असते आणि ऊन भिंतीवरून थोडा वेळ सरकत जाते. त्यामुळे प्रत्येक घराची स्वतःची वेळ असते, आणि ती वहीत लिहून ठेवावी लागते. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे टिपून ठेवले की अर्धे काम होते: पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी उशिरा, ऊन समोरून सरून कडेने येऊ लागते तेव्हा, पश्चिमेकडे असेल तर दुपार नुकतीच कलताना. पावसाळ्यात ढगाळ उजेडात सावल्या मऊ होतात. त्या वेळी संपूर्ण दर्शनी बाजू टिपावी, आणि बारीक कोरीवकाम उन्हाच्या दिवसांसाठी ठेवावे. ओले लाकूड गडद दिसते आणि त्यावरचे जुने रंगाचे थर स्पष्ट होतात, हाही पावसाळ्याचा एक फायदा.

गल्ली अरुंद असल्यामुळे फोनचे अतिरुंद (अल्ट्रा-वाइड) भिंग वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण कडेचे खांब आडवे पडल्यासारखे दिसतात. समोरच्या घराच्या ओट्यावर किंवा परवानगी घेऊन पहिल्या मजल्यावर उभे राहिले की घराची मधली उंची डोळ्यांच्या पातळीवर येते आणि उभ्या रेषा उभ्या राहतात. फोनच्या पडद्यावर जाळी चालू ठेवा, गडद लाकडावर बोट दाबून उजेड कायम करा आणि मग तो किंचित खाली आणा. जुन्या सागाला फोन आपोआप उजळवतो आणि त्याचा रंग विटकरी करतो. हे एवढे जरी सांभाळले तरी तुमची छायाचित्रे इतरांपेक्षा वेगळी दिसतील.

चित्र उभेच घ्यावे. 2015 पर्यंत इन्स्टाग्रामवर केवळ चौकोनी चित्र चालत असे, आणि 2025 च्या आरंभापासून खात्याच्या मुख्य पानावरचे चौकोनही उभे झाले आहेत. दार, खिडकी, खांब हे सगळे मुळातच उभे विषय, त्यामुळे हा बदल तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. विजेच्या तारा, वातानुकूलन यंत्राचे खोके, दोरीवरचे कपडे पुसून टाकू नका, अशी मात्र विनंती. ज्या घरात माणसे राहतात ते घर तसेच दिसते.

पुण्यातला बडोदेकर

वरच्या दोघांचा सल्ला उत्तम आहे, पण दोघेही 2016 साली राहत असल्यासारखे वाटतात. आज स्थिर छायाचित्र पाहते कोण? 2020 साली भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्याच सुमारास इन्स्टाग्रामने रील आणले, आणि तेव्हापासून अनोळखी माणसापर्यंत पोहोचायचे तर रीलशिवाय गत्यंतर उरलेले नाही. ताईंनी दार उघडतानाचा, कडी वाजतानाचा पंधरा सेकंदांचा रील करावा. ज्यांचे आजोळ बडोद्याला होते असे माझ्यासारखे पुण्या-मुंबईतले लोक त्या कडीच्या आवाजासाठी थांबतील.

उंबरठा

कडीच्या आवाजाची कल्पना चांगली आहे आणि ती ताईंनी अवश्य वापरावी. पण रीलने पोहोच वाढते आणि खाते टिकते ते लोकांनी पुन्हा येण्याने, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ताईंचा विषय थांबून पाहण्याचा आहे. पंधरा सेकंदांत डोळा गणेशपट्टीवर स्थिरावतो न स्थिरावतो तोच चित्र बदलते.

यासाठी अनेक चित्रांची एकत्रित नोंद अधिक योग्य आहे. ती सोय 2017 मध्ये दहा चित्रांपासून सुरू झाली आणि 2024 मध्ये मर्यादा वीसवर गेली. तुम्हाला सहा-सात पुरतील. पहिले चित्र संपूर्ण दर्शनी बाजूचे, मग दार, मग चौकट, मग एखादा टेकू अगदी जवळून, आणि शेवटी कडी-कोयंडा. पाहणारा रस्त्यावरून उंबऱ्यापर्यंत चालत आल्यासारखा क्रम ठेवा. शिवाय एखाद्याने पहिले चित्र पाहून नोंद ओलांडली, तर तीच नोंद नंतर दुसऱ्या चित्रापासून त्याच्यासमोर येऊ शकते, म्हणून दुसरे चित्रही स्वतंत्रपणे उभे राहील असे निवडावे.

मजकुराला 2,200 अक्षरांची मुभा आहे, पण उघडल्याशिवाय पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या ओळी ‘गतवैभवाच्या मूक साक्षीदार’ यांसारख्या शब्दांवर खर्च करू नका. असे वाक्य कोणत्याही गावातल्या कोणत्याही पडक्या भिंतीखाली चालते. दिसत नाही ते सांगा: लाकूड कोणते, दुरुस्ती कुठे झाली, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा. हॅशटॅगांची रास नको, कारण ते अनुसरण्याची सोय 2024 अखेर बंदच झाली. ‘बडोदे’, ‘वाडा’, ‘लाकडी कोरीवकाम’ हे शब्द मजकुरातच नैसर्गिकपणे आलेले बरे. जुलै 2025 पासून व्यावसायिक प्रकारच्या खात्यांच्या सार्वजनिक नोंदी गूगलच्या शोधातही येऊ शकतात, त्यामुळे साध्या शब्दांत लिहिलेल्या मजकुराचे मोल वाढले आहे.

पुण्यातला बडोदेकर

मान्य. तरी महिन्यातून एक रील तरी असू द्या, एवढा हट्ट राहील.

कागदपत्र

चौथ्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून इमारतीचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे हा 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार वास्तुकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही. कलम 52 मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. पण ही सूट वास्तूसाठी आणि सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पासारख्या कलाकृतींसाठी आहे. इमारतीच्या आतल्या चित्रांना तीच सूट आहे असे धरून चालू नये. उदाहरण आपल्याच गावातले आहे. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकवास्तूत, चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. बोस यांचे निधन 1966 साली झाले, आणि चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे या सर्वसाधारण नियमाने हिशेब केला तर मुदत 2026 अखेरपर्यंत जाते. राजा रविवर्मा 1906 साली वारले, त्यामुळे त्यांच्या चित्रांबाबत हा प्रश्न उरत नाही. मात्र त्यांची चित्रे असलेल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात छायाचित्रणाचे जे नियम असतील ते पाळावेच लागतील, कारण प्रताधिकार संपणे आणि जागेत कॅमेरा चालवण्याची मुभा असणे यांचा परस्पर संबंध नाही. तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा ठिकाणी तिपाई लावायची असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते.

दुसऱ्याने काढलेले जुने छायाचित्र ‘सौजन्य’ लिहून वापरणे ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे. श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. विचारावे, आणि लेखी होकार जपून ठेवावा.

राहत्या घराबाबत कायद्यापेक्षा शेजारधर्म मोठा आहे. रस्त्यावरून दर्शनी बाजू टिपायला हरकत नसली तरी उघड्या दारातून आतले स्वयंपाकघर, ओसरीवर बसलेल्या आजी, खेळणारी मुले, दाराची नावाची पाटी किंवा अंगणातल्या गाडीचा क्रमांक चित्रात येता कामा नये. घरमालकांना आधी सांगावे आणि नोंद आल्यावर दाखवावी. काढून टाका म्हणाले तर चर्चा न करता काढून टाकावी.

आणखी एक. आज पैशांचा हेतू नाही म्हणता, पण खाते वाढले की एखादे फर्निचरचे दुकान काहीतरी भेट पाठवून उल्लेख मागेल. भारतातील जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुकट मिळालेल्या वस्तूचा मोबदल्याखातर केलेला उल्लेखही ठळकपणे जाहिरात म्हणून दाखवावा लागतो.

गेंडीगेट

मी सुतारकामाच्या घराण्यातला आहे आणि कागदपत्र यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो, जी माझ्या मते या धाग्यातली सर्वांत निकडीची आहे. ताईंनी बंद घराचा नेमका पत्ता कधीही देऊ नये.

जुन्या कोरीव लाकडाला मोठी मागणी आहे. हॉटेले, फार्महाउस, बाहेरगावचे सजावटकार यांना तयार चौकट हवी असते, आणि ती पुरवणारे लोक गल्ल्या धुंडाळत असतात. मालक परगावी, भाऊबंदकीत घर अडकलेले, खाली कुलूप, असे घर त्यांना नेमके हवे असते. काही वेळा रीतसर विक्री होते. काही वेळा शेजाऱ्यांना एके सकाळी दर्शनी बाजूला भगदाड दिसते. टेकू काढताना त्याच्यामागची खुंटी तोडली जाते आणि सज्जाचा भार मोकळा होतो, मग दोन पावसाळ्यांत वरचा मजला झुकतो. चौकट काढली की भिंतीचेही तेच होते, कारण या घरांत विटा भरणीच्या असतात आणि भार लाकडी सांगाडा पेलतो.

तेव्हा नकाशावरची खूण लावू नका. ‘वाडी भागातील एक घर’ एवढे पुरे. चित्राच्या कडेला दुकानाची पाटी किंवा देवळाचा कळस येत असेल तर तो कापा, कारण गावातला माणूस तेवढ्यावरून गल्ली ओळखतो. ज्या घरात लोक राहतात आणि ज्यांनी हो म्हटले आहे, किंवा तांबेकर वाड्यासारखी जी वास्तू सर्वांना ठाऊक आहे, तेथे नाव देण्यास हरकत नाही.

पुण्यातला बडोदेकर

पण पत्ताच नसेल तर माझ्यासारख्याला आजोळचे घर कसे सापडणार?

गेंडीगेट

आपण निरोप पाठवून विचारावे, आणि ताईंनी माणूस पारखून सांगावे. थोडी गैरसोय होईल, ती सोसावी.

दांडियाबाजार

सर्वांचे मनापासून आभार. सीमा, भाषा आणि पत्त्याचा नियम हे तीनही ठरले. पहिल्या नोंदीसाठी लिहिलेला मजकूर येथे ठेवते. मालकांची संमती आहे. कृपया निर्दयपणे तपासावा.

‘वाडी भागातील दोन मजली घर, तोंड पश्चिमेला. ओटीवर चार सुरूदार खांब, त्यांपैकी डावीकडचा शेवटचा नंतर बदललेला. त्याच्या तळाशी कमळ नाही. चौकटीवर गणेशपट्टी असून गणपतीच्या दोन्ही बाजूंना पोपट आहेत. उजवीकडच्या पोपटाची चोच तुटलेली आहे आणि त्या जागी विजेच्या तारेची पट्टी ठोकलेली आहे. चौकटीवर हिरव्या तैलरंगाचे थर आहेत. जेथे पोपडे उडाले आहेत तेथे खाली साग दिसतो. पेशवेकालीन शैलीचा हा उत्तम नमुना आहे.’

गेंडीगेट

पोपट आणि तारेची पट्टी फार छान टिपली आहे. शेवटचे वाक्य मात्र काढावे. गणेशपट्टी आहे म्हणून घर पेशवेकालीन ठरत नाही. गुजराती घरांच्या चौकटीवरही गणपती असतो. आणि बदललेल्या खांबाचे लाकूड कोणते आहे ते मालकांना विचारा. आमच्याकडे दुरुस्तीला बहुधा जुन्या घरातून निघालेलाच साग वापरत, तसे असेल तर त्या खांबावर जुन्या खाचा दिसतील.

उंबरठा

घराच्या वयाबद्दल लिहायचेच असेल तर आधार सांगून लिहावे: मालकांकडचा कागद, तुळईवर कोरलेले वर्ष, किंवा घरच्या वडीलधाऱ्यांची आठवण, आणि आठवण असेल तर ती आठवण आहे असे म्हणावे. परिसराच्या माहितीसाठी 1923 साली प्रसिद्ध झालेले बडोदे संस्थानाचे दोन खंडांचे गॅझेटियर पाहा. आणि प्रत्येक घराची मूळ छायाचित्रे, तारीख, दिशा आणि संमती यांची नोंदवही स्वतःकडे ठेवा. इन्स्टाग्राम चित्र लहान करून साठवते, त्यावरून उद्या एखाद्या खांबाच्या खाचा मोजता येणार नाहीत.

तिरपा उजेड

प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णन लिहिण्याचा रकाना 2018 पासून आहे, तो रिकामा सोडू नका. दृष्टिहीन वाचकांचा फोन तेच वाचून दाखवतो, आणि तुमचा पोपटांचा मजकूर त्यासाठी जवळजवळ तयारच आहे. घर पश्चिमाभिमुख आहे म्हणता, तर गणेशपट्टीचे जवळचे चित्र दुपारी बारानंतर लगेच, ऊन वरून चौकटीवर घसरत येते तेव्हा पुन्हा घ्या.

दांडियाबाजार

शेवटचे वाक्य काढले. खांबाबद्दल मालकांना विचारले असता तो शेजारचे घर पाडले तेव्हा आणल्याचे त्यांनी सांगितले, आणि मागच्या बाजूला दोन खाचा खरोखरच आहेत. त्यांचे चित्र सहावे म्हणून घालते आहे. नवी नोंद दर गुरुवारी येईल. कडीचा रील महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी.

गेंडीगेट

बाजवाड्यातल्या एका घराची चौकट उतरवून दुरुस्तीला घेतली आहे, पुढील आठवडाभर ती आमच्या कारखान्यात आडवी असेल. एरवी भिंतीत दडलेली सांध्याची बाजू आता उघडी आहे. मालकांना मी विचारून ठेवतो. दुपारी चारच्या आत यावे, त्यानंतर तेथे उजेड राहत नाही.